उजनीच्या माशांची कुळी कोण तपासणार?

अकलूज, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण या पट्ट्यातल्या बाजारात गोड्या पाण्याची जी मासळी येते, तिच्यातली बरीचशी ‘उजनीची’ म्हणून विकली जाते. पण पाटीतल्या माशांचे मूळ गाव विचारले, तर भीमेचे म्हणावेत असे मासे थोडेच निघतात. कटला, रोहू आणि मृगळ मूळचे उत्तर भारतातल्या नद्यांचे, सायप्रिनस आणि गवत्या परदेशातून आलेले आणि सर्वांत जास्त दिसणारी चिलापी आफ्रिकेतली. शिंगटा, वाम, मरळ हे इथले जुने रहिवासी पाटीच्या एका कडेला असतात. तरीही जलाशयाच्या जैवविविधतेचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो ‘जाती किती?’ असा. या प्रश्नाचे उत्तर फसवे असते, कारण यादी करताना घरचा आणि बाहेरचा दोघेही एकेकच मोजले जातात. एक देशी जात संपली आणि दोन परक्या आल्या, तर कागदावर विविधता वाढलेली दिसते. म्हणून उजनीबाबत खरा प्रश्न संख्येचा नाही, नात्याचा आहे. कोणता मासा कोणाचा वंशज, कोण कोणात मिसळतो आहे आणि कोणता वंश मुकाट्याने तुटतो आहे, हे कळल्याशिवाय या पाण्यातल्या श्रीमंतीचा हिशेब लागत नाही.

उजनीचे अधिकृत नाव यशवंतसागर आहे आणि सागर हा शब्द इथे अगदीच अतिशयोक्तीचा नाही. भीमेवर माढा तालुक्यात १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे जवळपास ६४ टीएमसी, मृतसाठा आहे. उन्हाळ्यात ‘धरण मायनसमध्ये गेले’ अशी बातमी येते, तेव्हाही माशांच्या दृष्टीने एक प्रचंड तळे शिल्लकच असते. वाहत्या नदीच्या जागी असे कायमचे साचलेले पाणी आले की माशांची निवड बदलते. खडकाळ, खळाळत्या पाण्यात अंडी घालणारे मागे पडतात आणि संथ, शेवाळी पाण्यात निभावणारे पुढे सरकतात. इथवरचा बदल धरणाबरोबर येणारच होता. वंशांची सरमिसळ मात्र धरणाने केलेली नाही, ती माणसाने मत्स्यबीज सोडून केली आहे.

मूळ काय होते हे सांगणारा भक्कम पुरावा आपल्याकडे आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने दख्खनची पाहणी करताना भीमा आणि मुळा-मुठेच्या परिसरातले मासे गोळा केले आणि १८३९ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीत त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. जातींना नावे देताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावे उचलली. टॉर खुद्री हा दख्खनचा महासीर, हिप्सेलोबार्बस कोलस, लेबियो पोटाइल ही शास्त्रीय नावे तिथूनच आली. पुढे १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दिली आणि २००३ मध्ये हेमंत घाटे व सहकाऱ्यांनी मुळा-मुठेचा नव्याने आढावा घेतला. या याद्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट उघड होते. भीमेच्या वरच्या खोऱ्यात जुनी नावे गळत गेली आहेत आणि बाहेरची नावे भरत गेली आहेत.

पण यादीतले नाव हाही पुरावा अर्धाच, कारण दिसण्यावरून लावलेले नाते नेहमी खरे ठरत नाही. कृष्णा खोऱ्यातला खवलेचोर याचे उत्तम उदाहरण आहे. हा लहानसा मांजरमासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. ही सवय गोड्या पाण्याच्या माशांत फार दुर्मीळ. कोल्हापूरच्या पंचगंगेतून तो शास्त्राला माहीत झाला आणि चं. वि. कुलकर्णी यांनी १९५२ मध्ये त्याचे वर्णन करताना त्याची सवयच त्याच्या नावात घातली. त्या काळी त्याला शरीररचनेवरून शिल्बिड नावाच्या कुळात बसवले गेले. अलीकडच्या वर्गीकरणात मात्र तो केरळच्या नद्यांतल्या होराबॅग्रस माशांच्या कुळात गणला जातो. या नात्यामागे सह्याद्रीच्या दोन्ही उतारांचा लाखो वर्षांचा इतिहास आहे. असा मासा एखाद्या नदीतून नाहीसा झाला, तर यादीत एक ओळ कमी होते. वंशवृक्षाची मात्र एक अशी फांदी तुटते, जिची जागा कितीही टन कटला घेऊ शकत नाही.

वंश ओळखण्याची रीत आता अवघड राहिलेली नाही. माशाच्या पराचा छोटासा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवायचा, त्यातला डीएनए वेगळा करायचा आणि एका ठरावीक जनुकाची साधारण ६५० अक्षरे वाचायची. कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडलेला हा डीएनए बारकोड आज जगभर वापरला जातो. मात्र त्याची एक मर्यादा उजनीसाठी कळीची आहे. हे जनुक पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये असते आणि ते फक्त आईकडून येते. रोहूच्या मादीचा आणि कटल्याच्या नराचा संकर बारकोडमध्ये शुद्ध रोहू म्हणून उमटतो. बीजकेंद्रांत असे संकर घडतात आणि ते प्रजननक्षमही असतात. हिरालाल चौधुरी यांनी १९५७ मध्ये कटक येथे संप्रेरकाच्या साहाय्याने कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले. मत्स्यशेतीला त्याने मोठे बळ मिळाले, पण तेव्हापासून माशांच्या सोयरिकी नदीऐवजी हौदात ठरू लागल्या. बोटुकली कोणत्या आईबापांची, हे जाणून घ्यायचे तर केंद्रकातील डीएनएही तपासावा लागतो.

हा धोका पुस्तकी नाही, हे महासीरच्या कथेतून दिसते, आणि ती भीमेच्याच माशाची कथा आहे. साइक्सला पुण्याजवळ मिळालेल्या टॉर खुद्रीची पिल्ले लोणावळ्याच्या टाटांच्या बीजकेंद्रात १९७० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर तयार झाली. घटत चाललेला मासा वाचवण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. ही पिल्ले इतर राज्यांतही गेली. कावेरीत हा निळ्या परांचा महासीर वाढत गेला आणि तिथला स्वतःचा प्रचंड वाढणारा कुबडा महासीर घटत गेला. त्या कुबड्या माशाला पक्के शास्त्रीय नावही नव्हते. २०१८ मध्ये डीएनएच्या आधारे तो टॉर रेमादेवी असल्याचे सिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत करावी लागली. वंश ओळखण्याआधीच ‘महासीर तो महासीर’ म्हणून बीज सोडल्याची ही किंमत. भीमेचा मासा दुसऱ्या नदीत परकाच ठरतो, मग तो कितीही देशी असो.

चिलापीची गोष्ट याच्या उलट बाजूने तेच सांगते. मोझांबिक चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली. ती लवकर वयात येते, वर्षातून अनेकदा विणते, मादी अंडी तोंडात सांभाळते आणि मळक्या पाण्यातही तगते. पुणे-पिंपरीचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या जलाशयात तिची भरभराट झाली नसती तरच नवल. गंमत अशी की तिच्या मायदेशी, दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो खोऱ्यात, हीच चिलापी धोक्यात आहे, कारण बाहेरून आणलेल्या नाईल चिलापीशी तिचा संकर होत चालला आहे. इथे अतोनात झालेला मासा तिथे शुद्ध रूपात दुर्मीळ होतो आहे.

यावर पहिला आक्षेप पोटापाण्याचा येतो. धरणाने ज्यांची जमीन आणि नदी दोन्ही नेली, त्या काठच्या मच्छीमारांच्या चुली आज चिलापीवर पेटतात, त्यांना वंशवृक्ष सांगून काय उपयोग? आक्षेप खरा आहे आणि चिलापी काढून टाका असे म्हणण्यात अर्थही नाही. एवढ्या मोठ्या पाण्यातून ती काढताही येणार नाही. पण एकाच माशावर उभा असलेला धंदा रोगाला आणि भावाच्या घसरणीला उघडा पडतो. शिंगटा, मरळ, वाम यांना चिलापीपेक्षा चढा दर मिळतो, आणि ते कमी होणे हे मच्छीमाराचेच नुकसान आहे. शिवाय इथे मुद्दा आधीच आलेल्या माशांचा नाही, यापुढे पाण्यात काय सोडायचे याचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू आहे. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात सुमारे १५,००० वर्षांत सिक्लिड माशांच्या पाचशेच्या आसपास जाती घडल्या, आणि त्या स्फोटाच्या मुळाशी दोन जुन्या वंशांचा संकरच होता, असे २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवले. मग संकराला भ्यायचे कशाला? उत्तर त्याच सरोवरात आहे. तिथे वंश मिसळले, त्यानंतर हजारो वर्षे त्यांना वेगवेगळे होण्याची सवड आणि रिकामी जागा मिळाली. उजनीचे वय पन्नाशीही गाठलेले नाही. त्याच व्हिक्टोरियात १९५० च्या दशकात नाईल पर्च सोडला गेला. निर्यातीचा पैसा आला आणि काही दशकांत दोनशेच्या आसपास जाती दिसेनाशा झाल्या. पाणी गढूळ झाल्यावर रंगावरून जोडीदार ओळखणाऱ्या जाती पुन्हा एकमेकींत विरघळू लागल्या. संकरातून निर्मितीला हजारो वर्षे लागतात, नासायला एका माणसाचे आयुष्य पुरते.

अकलूजच्या लोकांना या प्रश्नात थेट जागा आहे. अकलूजवरून वाहणारी नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते ती उजनीच्या भिंतीच्या खाली. त्यामुळे नीरेतला मासा गेली पंचेचाळीस वर्षे जलाशयात चढू शकलेला नाही, आणि वरच्या बाजूला वीर धरणाने त्याला अडवले आहे. माशांची पिढी दोन-तीन वर्षांची धरली, तर ही पंधरा-वीस पिढ्यांची ताटातूट झाली. आता नीरेचे पाणी उद्धटहून भादलवाडीमार्गे उजनीत नेणाऱ्या सुमारे २४ किलोमीटरच्या जोडबोगद्याचे काम चालू आहे, आणि कृष्णा-भीमा स्थिरीकरणात कृष्णेचेही पाणी येणार आहे. ‘सगळे एकाच कृष्णा खोऱ्यातले, मग फरक काय?’ असे कोणी म्हणेल. पण भीमा कृष्णेला मिळते ती थेट कर्नाटकात, रायचूरच्या बाजूला. वरच्या भागातले मासे शेकडो किलोमीटरच्या फेऱ्याने एकमेकांपासून दूर राहिलेले आहेत. पाणी एकत्र येण्याआधी दोन्हीकडच्या माशांची जनुकीय नोंद झाली नाही, तर नंतर ती करता येणार नाही.

माळशिरस तालुक्यातला शेतकरी उसाची लागण करताना बेणे को ८६०३२ चे आहे का, कुठल्या प्लॉटमधले आहे, हे विचारल्याशिवाय सरीत टाकत नाही. मत्स्यबीजाबाबत एवढी साधी चौकशीही होत नाही. ती करायला फार मोठा खर्च लागणार नाही. मत्स्यव्यवसाय विभागाने बीज विकत घेताना केंद्रातल्या जनक माशांचा डीएनए दाखला मागावा. नीरा आणि भीमेतल्या देशी माशांचे नमुने जोडबोगदा सुरू होण्याआधी सोलापूर विद्यापीठ आणि आसपासच्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी गोळा करावेत. पुनर्बीजारोपण करायचेच असेल, तर ते याच खोऱ्यातल्या जनकांपासून व्हावे. आणि हे होईपर्यंत, कुळी माहीत नसलेली एकही बोटुकली उजनीत सोडू नये.