जगाचा नकाशा आणि आपलं सोयाबीन

आमच्या ग्रामसंघातल्या आम्ही सहा जणी सध्या मोबाईलवरून कॉलेजचा एक विषय शिकत आहोत. विषयाचं नाव ‘जगाचा प्रादेशिक भूगोल’. मासिक बैठकीत हे सांगितलं तेव्हा एका ताईंनी लगेच विचारलं, “ब्राझील शिकून आमच्या पदरात काय पडणार?” प्रश्न रास्त आहे. आजच्या बोलण्यात त्याचंच उत्तर देऊ.

शाळेत भूगोल म्हणजे नद्या आणि राजधान्या पाठ करणं होतं. इथे तसं नाही. या विषयात जगाचे साधारण दहा भाग पाडतात. दक्षिण आशिया, आग्नेय आशिया, युरोप, लॅटिन अमेरिका, असे. या भागाला ‘प्रदेश’ म्हणतात. हवामान, जमीन, भाषा, कामधंदा यातलं काहीतरी जिथे सारखं असतं, तो एक प्रदेश. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. कोकण, खानदेश, मराठवाडा, विदर्भ हे आपण रोज बोलतोच. पण कोकणातली तांदळाची भाकरी नेमक्या कोणत्या गावात संपते आणि ज्वारीची कुठे सुरू होते, हे सांगता येतं का? नाही. प्रदेशाची हद्द माणसाने समजण्यासाठी आखलेली असते. हा पहिला धडा.

दुसरा धडा नकाशाचा. पृथ्वी गोल, कागद सपाट. गोल वस्तू सपाट करताना काहीतरी ताणलं जातंच. म्हणून भिंतीवरच्या पुष्कळ नकाशांत उत्तरेकडचं ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिका त्याच्या जवळपास 14 पट मोठी आहे. छापलेलं आहे म्हणून डोळे मिटून मानायचं नाही, हे आम्ही इथे शिकलो.

मग प्रत्येक प्रदेशाला पाच प्रश्न विचारायचे. जमीन कशी आहे? पाऊस कधी आणि किती? माणसं किती, कुठे राहतात? पोट कशावर चालतं? आणि बाहेरच्यांशी देणंघेणं काय? आता हेच प्रश्न ब्राझीलला विचारून बघू, कारण सोयाबीन पिकवण्यात तो देश जगात पहिला आहे.

ब्राझीलमध्ये मातो ग्रोसो नावाचं एक राज्य आहे. तिथे सर्वांत जास्त सोयाबीन होतं. हे राज्य आकाराने महाराष्ट्राच्या जवळजवळ तिप्पट आहे. पण 2022 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या 37 लाखांच्या आत भरली. आपण महाराष्ट्रात 2011 लाच 11 कोटींच्या वर होतो. म्हणजे तिथे माणसं थोडी आणि रानं अफाट. पेरणीपासून काढणीपर्यंत सगळं मोठ्या यंत्रांवर चालतं. खुरपायला बाया मिळतील का, ही चिंता तिथे नाही.

जमीन मात्र आपल्यासारखी काळी कसदार नव्हे. आपली काळी माती लाव्हारसाच्या खडकापासून झाली. तिकडची, ज्याला सेराडो म्हणतात त्या भागातली माती लाल आणि आम्लधर्मी. पूर्वी तिथे सोयाबीन होत नव्हतं. 1973 मध्ये तिथल्या सरकारने एम्ब्रापा ही शेती संशोधन संस्था काढली. मातीत चुना मिसळून तिचं आम्ल कमी केलं, त्या भागात येतील असे वाण तयार केले आणि माळरानाचं सोयाबीनचं आगर झालं. त्याची किंमतही मोजावी लागली. फार मोठं नैसर्गिक रान तुटलं.

आता मुद्द्याची गोष्ट. ब्राझील पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्या भागात येतो. आपल्याकडे थंडी तेव्हा तिथे उन्हाळा आणि पाऊस. आपण जूनमध्ये पेरतो, दसरा-दिवाळीच्या सुमारास काढतो. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरपासून पेरणी आणि जानेवारीपासून काढणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचा माल जोरात बाजारात येतो.

त्याचा आपल्याशी काय संबंध? एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण 18 किलो तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. म्हणून भाव तेलावर जेवढा, त्याहून जास्त पेंडीवर ठरतो. ही पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्यासाठी जगभर विकली जाते. ब्राझीलमध्ये पीक भरघोस आलं की पेंड स्वस्त होते, आणि आपल्या आडतीतही भाव दबतो. तेलाचंही तसंच. आपला देश खायच्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. 2022 मध्ये इंडोनेशियाने 28 एप्रिलपासून पामतेल बाहेर पाठवणं बंद केलं आणि 23 मेपासून पुन्हा सुरू केलं. त्या दिवसांत किराणा दुकानात तेलाच्या पिशवीचा भाव तुम्ही पाहिलाच असेल.

दिवाळीला भाव पडलेला असतो म्हणून आपल्यातल्या काही जणी सोयाबीन घरात ठेवतात, काही बाजार समितीच्या गोदामात तारण ठेवून कर्ज उचलतात. ठेवायला हरकत नाही. पण किती दिवस ठेवायचं, हे ठरवताना फेब्रुवारीत समोरून ब्राझीलचा माल येतो, हे ध्यानात हवं. तिथे दुष्काळ पडला तर थांबणं फायद्याचं ठरू शकतं. पीक चांगलं असेल तर व्याज आणि तूट दोन्ही अंगावर येतात. सरकारचं आयात शुल्क बदललं तरी गणित बदलतं. भूगोल आपल्याला भाव सांगत नाही. भाव का हलतो, ते सांगतो. आडत्याशी बोलताना तेवढं कळलं तरी आपण नुसत्या मान हलवत नाही.

आता शिकायचं कसं? केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ नावाचं संकेतस्थळ 2017 पासून आहे. त्यावर शिकणं फुकट असतं, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरावी लागते. बरेच अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, हे आधी बघून घ्या. मराठीतून पदवी करायची असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. आपण घेतलेला विषय पदवीत धरला जाईल का, हेही प्रवेशाआधी विचारून घ्या.

आमच्याकडे सहा जणींत स्वतःचे फोन तीनच. म्हणून आम्ही शनिवारी दुपारी ग्रामसंघाच्या खोलीत एकत्र बसून धडा ऐकतो. जिथे वायफाय मिळेल तिथे धडे आधीच उतरवून घेतो. इंग्रजी शब्द अडला की वहीत लिहितो आणि बारावी झालेल्या सूनबाई तो सांगतात. काढणीच्या दिवसांत स्वाध्यायाची तारीख चुकू नये म्हणून तारखा भिंतीवर लिहून ठेवल्या आहेत.

तुमच्या गटात शिक्षण अर्धवट सुटलेली लेक-सून असेल, तर पुढच्या बैठकीत तिचं नाव घ्या. घरातला फोन तिला आठवड्यातून दोन तास मिळेल का, हे तिच्या घरच्यांशी गटाने बोलावं. एकटीच्या शब्दापेक्षा गटाच्या शब्दाला वजन असतं.