ओबडधोबडपणाची साक्ष : मेक्सिकन क्रांतीची नाणी

१९१४ साली उत्तर मेक्सिकोतल्या दुरांगो राज्यात, कुएन्कामे या गावी, चांदीचा एक पेसो पाडला गेला. त्यावर चक्क 'मुएरा उएर्ता', म्हणजे 'उएर्ता मरो', असं कोरलेलं आहे. फेब्रुवारी १९१३मध्ये राष्ट्राध्यक्ष माडेरो यांना उलथवून जनरल व्हिक्टोरियानो उएर्ता सत्तेवर बसला होता, आणि त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या कालिक्स्तो कॉन्त्रेरास व सेव्हेरिनो सेनिसेरोस या सेनानींनी हे नाणं काढलं. ज्याच्या खिशात ते सापडेल त्याला गोळी घाला, असा उएर्ताचा हुकूम होता असं संग्राहक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. हुकूम खरा असो वा रचलेला, त्या कथेने या पेसोचा भाव चढवला. भाव चढला की नकला बाजारात उतरतात, आणि मेक्सिकन क्रांतीच्या नाण्यांत त्या भरपूर उतरल्या आहेत.

ही नाणी निघाली ती १९१३ ते १९१७ या काळात. यादवी पेटताच लोकांनी चांदी दडवून ठेवली आणि व्यवहारात उरला निरनिराळ्या सेनापतींनी छापलेला कागद. त्या कागदाची पत इतकी रसातळाला गेली, की १९१६मध्ये, उएर्तानंतर सत्तेवर आलेल्या कारान्सा सरकारने अमेरिकन बँक नोट कंपनीकडून नव्या नोटा छापून घेतल्या आणि त्यांना नाव मिळालं 'इनफाल्सिफिकाब्लेस', नक्कल न होणाऱ्या. त्याही वर्षाच्या आत मातीमोल झाल्या. सैनिकांना पगार द्यायचा, धान्य विकत घ्यायचं, तर धातूचं नाणं हवं. म्हणून ज्याच्या हाती खाण किंवा लोहारशाळा, त्याने टाकसाळ उघडली. उत्तरेत पार्राल, दक्षिणेत ओआहाका, क्रांतिकारी नेता एमिलियानो झपाटाच्या लोकांच्या ताब्यातल्या गेरेरो राज्यात कांपो मोरादो आणि तास्को. ओआहाकाची सुरुवातीची १ आणि ३ सेंटाव्होची (सेंटाव्हो म्हणजे पेसोचा शंभरावा भाग) नाणी चक्क चौकोनी आहेत. तोलुका शहरात तर १९१५मध्ये ५ सेंटाव्होचं 'नाणं' करड्या पुठ्ठ्याचं निघालं.

अशा मालाबद्दल विक्रेते एक युक्तिवाद नेहमी पुढे करतात. नाणी घाईत, वेड्यावाकड्या हाताने घडलेली. वजन नक्की नाही, अक्षर सरळ नाही. तेव्हा वेगळं दिसणारं नाणं खोटं कसं म्हणणार? वरवर हे पटतं. माझ्या मते मात्र गोष्ट नेमकी उलटी आहे. मोठ्या टाकसाळीत एकाच मूळ नमुन्यावरून शेकडो ठसे तयार होतात आणि ते एकमेकांसारखेच असतात. क्रांतीच्या बहुतेक टाकसाळींत ठसा एकेक करून हाताने कोरला जाई. एखादं अक्षर तिरकं बसलं, तारखेतला आकडा खाली घसरला, ठशाला तडा गेला, की ती खूण त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी उमटते. तडा वाढत गेला तर नाणी कोणत्या क्रमाने पडली हेही कळतं. म्हणजे ओबडधोबडपणा ही पळवाट नाही, ती सही आहे. ओआहाकाच्या नाण्यांवर माजी राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांचा अर्धपुतळा आहे, आणि त्याच्या कोटाच्या घडीत, छातीच्या कापात इतके फरक आहेत की सूचीकारांनी ते पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमाने नोंदवले. या नाण्यांवरची हॉवलंड वुड यांची पुस्तिका १९२१मध्ये, म्हणजे ती निघणं थांबून चारच वर्षं झाली असताना, अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने काढली. पुढे गथ्री आणि बॉथम्ली यांचा ग्रंथ १९७६मध्ये आला. हातातलं नाणं आणि अशा ग्रंथातलं चित्र भिंगाखाली शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवणं, ही पहिली परीक्षा. हाताने पाडलेली शिवराई जमवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

वजन, आवाज, लोहचुंबक या परीक्षांचं स्थान त्यानंतरचं. मेक्सिकोच्या सरकारी टाकसाळीचा घोडेस्वाराचा पेसो २७.०७ ग्रॅमचा, ९०३ कसाचा; त्याचं वजन दोन ग्रॅमने चुकलं तर निकाल तिथेच लागतो. क्रांतीच्या नाण्याला असं प्रमाण नाही. तरी धातू अगदीच मुका नसतो. नाणं हवेत तोलायचं, मग पाण्यात टांगून तोलायचं आणि हवेतल्या वजनाला पाण्यात झालेल्या घटीने भागायचं, की घनता कळते. शुद्ध चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६. गेरेरोच्या दोन पेसोवर 'ओरो ०.५९५' अशी सोन्याची नोंद आहे, कारण खाणीतल्या चांदीत मिसळलेलं सोनं वेगळं न काढताच ती नाणी पाडली. त्यांची घनता नाण्यागणिक हलेल, पण चांदी-सोन्याचं नाणं तांब्याच्याही खाली, ८.५वर उतरलं, तर ते पितळ किंवा तत्सम काही आहे. ओतीव नकलेत कडेला सांधा, पृष्ठभागावर बारीक खळगे आणि अक्षरांच्या गुळगुळीत कडा दिसतात. खरी झीज उंच भागांवर असते. खोटी झीज सगळीकडे सारखी.

आता दोन आक्षेप. पहिला : खऱ्या नाण्यावरूनच नवा ठसा घेतला, तर त्याच्या खुणाही नकलेत येणार. येतातच, पण त्या मूळ नाण्याला वापरात पडलेले ओरखडे आणि ठोकेही सोबत येतात. ओरखडा एका नाण्याचा खासगी असतो. तोच ओरखडा दोन नाण्यांवर त्याच जागी दिसला, तर निदान एक खोटं आहे, बहुधा दोन्ही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : सूचीत नसलेला ठसा उद्या खरा ठरू शकतो. शकतो. पण तेव्हा सिद्ध करण्याचा भार विकणाऱ्यावर आहे. नाण्याची एक बाजू माहीत असलेल्या ठशाशी जुळते का, अक्षरांचे छाप त्याच टाकसाळीच्या हत्यारांचे आहेत का, हे विकणाऱ्याने दाखवावं. क्रांतीत कधी नव्हतेच असे, पुढे केवळ संग्राहकांसाठी घडवलेले तुकडे याच 'अज्ञात प्रकार' नावाखाली विकले जातात. नाणी तपासून डबीत बंद करून देणाऱ्या पीसीजीएस किंवा एनजीसी या संस्थांची सीलबंद डबी मदत करते, पण तशा डब्याही बनावट निघाल्या आहेत; डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीत पाहून नाण्याचं चित्र ताडावं.

सगळ्याच नाण्यांना या परीक्षा चालत नाहीत. तोलुकात जुन्या १ सेंटाव्होवर २०चा आणि २ सेंटाव्होवर ४०चा ठप्पा मारून नाणी चालवली. इथे खालचं नाणं अस्सलच असतं, म्हणून वजन आणि घनता दोन्ही निरुपयोगी. ठप्प्याच्या मागच्या बाजूला धातू दबलाय का, आणि ठप्पा खालच्या नाण्यावरच्या झिजेशी मेळ खातो का, एवढंच बघता येतं. झिजून काळवंडलेल्या नाण्यावरचा ठप्पा धारदार, चकचकीत असेल तर हात आखडता घ्यावा.

सिनालोआ राज्याच्या नाण्यांपुढे मात्र वरची सगळी मांडणी थांबते. तिथली नाणी नेहमीच्या चलनी नाण्यांचा वाळूत साचा घेऊन ओतलेली आहेत. खळगे, बोथट अक्षरं, मूळ नाण्याचे ओरखडे हे सगळं तिथे खऱ्या नाण्यावरही असणारच; आणि हाताने कोरलेला ठसाच नसल्यामुळे जुळवायला काही उरत नाही. जुन्या, नोंद असलेल्या संग्रहातून मालकी हक्काचा माग लागत नसेल, तर सिनालोआचा ओतीव पेसो त्यातल्या चांदीच्या भावापेक्षा जास्त देऊन घेऊ नये.