पीसी चालू होतो, पण स्क्रीन काळीच? दुकानात नेण्याआधी घरी हे तपासा



बटण दाबलं, लाईट लागली, पंखे गरगर फिरायला लागले, पण मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये हा प्रॉब्लेम खूप कॉमन आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण नातेवाईकांच्या लेखी ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणजे सगळंच येणारा, त्यामुळे असे फोन मला नेहमी येतात. बऱ्याच वेळा कुठलाच पार्ट जळालेला नसतो, फक्त काहीतरी नीट बसलेलं नसतं. चला तर मग, स्टेप बाय स्टेप बघूया.

आधी समजून घ्या: आत नेमकं काय होतं?

बटण दाबल्यावर विंडोज लगेच सुरू होत नाही. आधी मदरबोर्ड स्वतःची तपासणी करतो. प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, डिस्प्ले आहे का? याला पोस्ट म्हणतात. ही तपासणी पास झाली की कंपनीचा लोगो दिसतो आणि त्यानंतर हार्डडिस्कवरून विंडोज वाचलं जातं.

म्हणजे लोगोसुद्धा दिसत नसेल, तर प्रॉब्लेम विंडोजच्या आधीचा आहे. अशा वेळी कुणी ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. फॉरमॅटने हा प्रॉब्लेम सुटत नाही, उलट तुमचे फोटो आणि प्रोजेक्ट जातात.

स्टेप १: कॅबिनेट न उघडता

- मॉनिटरची पॉवर केबल आणि एचडीएमआय केबल काढून परत घट्ट लावा. शक्य असेल तर दुसरी केबल किंवा घरातला टीव्ही लावून बघा.
- ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डच्या पोर्टमध्येच हवी, मदरबोर्डच्या नाही. ही गडबड खूप जणांची होते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ असतो, त्यांना स्वतःचा डिस्प्ले नसतो, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टवर काहीच दिसणार नाही.
- पेनड्राईव्ह, प्रिंटर, बाहेरची हार्डडिस्क, सगळं काढून टाका.

स्टेप २: उघडण्याआधी सेफ्टी

मागचा स्विच बंद करा, वायर सॉकेटमधून काढा आणि मग पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डवर उरलेला करंट निघून जातो. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा. अंगातल्या स्टॅटिकने चिप खराब होऊ शकते.

आणि मोबाईल बाहेर काढा! कुठलीही वायर काढण्याआधी तिचा जवळून फोटो घ्या. ‘ही कुठं होती?’ हा प्रश्न नंतर पडणार नाही. मदरबोर्डवर छापलेला मॉडेल नंबर सर्च केलात की मॅन्युअलही फोनवरच मिळेल.

स्टेप ३: रॅम, पहिला संशयित

स्लॉटच्या बाजूच्या क्लिप उघडा आणि रॅम सरळ वर काढा. सोनेरी पट्टीवर बोटं लावू नका. पट्टी काळपट दिसत असेल तर पेन्सिलच्या स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि रबराचे कण ब्रशने झटका. स्लॉटमधली धूळही ब्रशने काढा. रॅमची खाच स्लॉटशी जुळवून दोन्ही टोकं दाबा, ‘टक्’ असा आवाज यायला हवा.

तरी चालू नाही? मग एकच रॅम लावून बघा, मग दुसरी, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये. इथला नियम तोच, जो आम्ही कोडमधला बग शोधताना वापरतो: एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि पीसी चालू झाला, तर दोष कशात होता ते कळतच नाही.

मागच्या पावसाळ्यात माझ्या मामेभावाचा पीसी असाच बंद पडला. डिप्लोमाचा प्रोजेक्ट आत आणि सबमिशन चार दिवसांवर. दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड गेला, नवीन टाकू, सोबत फॉरमॅट पण करून देतो. त्याचा फोन आला, “दादा, देऊ का टाकून?” म्हटलं, थांब, व्हिडिओ कॉल कर. अर्ध्या तासात कळलं की दोनपैकी एक रॅम खराब आहे. उरलेल्या एका रॅमवर पीसी चालला आणि प्रोजेक्ट वेळेत जमा झाला. मदरबोर्डचे पैसेही वाचले.

एक टीप: डीडीआर५ रॅम असेल तर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू होताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. घाईने बंद करू नका.

स्टेप ४: बायोस रिसेट

मदरबोर्डवर नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल असतो, सीआर२०३२. वायर काढलेली असताना तो पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि परत लावा. सेटिंग मूळ जागी येतात. रोज तारीख चुकत असेल तर हा सेलच संपलाय, नवीन टाका.

पण विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर रिसेटनंतर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह आहे का, हे फोनवरून आधी तपासा.

स्टेप ५: कमीत कमी सामान

फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि पॉवर ठेवा. प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्ले असेल तर ग्राफिक्स कार्डही काढा. मोठी २४ पिनची आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची वायर घट्ट आहे ना बघा. दुसरी वायर सुटली तरी पंखे फिरतात, म्हणून ती पटकन लक्षात येत नाही. बऱ्याच नवीन बोर्डवर प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले आणि बूट असे चार छोटे लाईट असतात. जो पेटून राहतो, तिथे दोष शोधा.

इथे थांबा!

- एसएमपीएसचा डबा कधीच उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. संशय असेल तर मित्राचा एसएमपीएस लावून बघा.
- हार्डडिस्कमधून ‘टक-टक’ आवाज येत असेल तर पीसी परत परत चालू करू नका आणि डिस्क उघडू तर अजिबात नका. डेटा महत्त्वाचा असेल तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.
- वॉरंटी शिल्लक असेल तर आधी सर्व्हिस सेंटर.

एवढं करूनही स्क्रीन काळीच असेल तर दुकानात जरूर जा. फक्त हार्डडिस्क काढून घरी ठेवा आणि काय काय तपासलं ते सांगा. ‘दोन्ही रॅम, दोन्ही स्लॉट बघितले, सेल बदलला’ असं सांगणाऱ्या गिऱ्हाईकाला उगाच नवीन मदरबोर्ड विकणं अवघड जातं.

लेख आवडला तर ज्या मित्राचा पीसी कोपऱ्यात धूळ खात पडलाय, त्याला नक्की पाठवा!