भगंदराचा एम.आर.आय. : अहवालाची शिस्त

भगंदर हा विकार आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेत त्याचे पाच प्रकार सांगितले असून, चाळणीसारख्या अनेक छिद्रांतून पाझरणाऱ्या प्रकारास ‘शतपोनक’ असे समर्पक नाव दिले आहे. तथापि दुखण्याची जागा संकोचाची असल्याने पुष्कळ रुग्ण ते लपवितात आणि उपचारास उशीर होतो.

बहुतेक वेळा गुदद्वाराच्या आतील बारीक ग्रंथीत पू होतो. तो वाट काढीत त्वचेवर फुटतो आणि दोन्ही टोकांस तोंड असलेली नळी मागे राहते. बाहेरचे छिद्र दिसते. आतील तोंड, नळीच्या उपशाखा व दडलेले गळू दिसत नाहीत. एखादी शाखा राहून गेली की विकार उलटतो. उलटपक्षी, शोध घेताना आवरक स्नायू अधिक कापला गेला, तर मलविसर्जनावरील ताबा कायमचा जाण्याचा धोका असतो. दिवसभर रानात राबणाऱ्या माणसास हे किती जड जाईल, हे सांगावयास नको.

एम.आर.आय. तपासणीत पू व द्रव उजळ दिसतात, जुना भरलेला व्रण काळसर दिसतो. (या तपासणीत क्ष-किरण मुळीच वापरले जात नाहीत, तरी ती वाचणाऱ्यास आपण क्ष-किरणतज्ज्ञच म्हणतो.) भगंदर उलटलेल्या ७१ रुग्णांचा एक अभ्यास २००२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेतील निदान व एम.आर.आय. यांचा मेळ बसलेल्या ४० रुग्णांपैकी ५ जणांत विकार पुन्हा उद्भवला. मेळ न बसलेल्या ३१ पैकी १६ जणांत.

परंतु चित्र कितीही स्पष्ट असले तरी शल्यचिकित्सकाच्या हाती बहुधा अहवालच पडतो. ‘डाव्या बाजूस भगंदर आढळतो’ एवढेच त्यात असेल, तर गळू नाही असे समजावे, की ते पाहिलेच नाही असे? प्रमाणित अहवालाचे महत्त्व येथेच आहे. त्यात ठरलेली कलमे ठरलेल्या क्रमाने येतात : आतील तोंड कोठे व किती उंचीवर, नळी कोणत्या स्नायूतून जाते, स्नायूचा किती भाग तिने व्यापला आहे, उपशाखा, गळू, दुसऱ्या बाजूस पसरलेला नालाकृती फाटा. जे आढळले नाही त्यापुढे ‘नाही’ असे स्पष्ट लिहावयाचे असते.

जागा सांगण्यासाठी घड्याळाच्या तबकडीचा उपयोग करतात. रुग्ण उताणा, गुडघे वर घेतलेला, असे धरून पुढची बाजू १२, मागची ६ आणि रुग्णाची डावी बाजू ३. पालथ्या रुग्णावरून कोणी आकडे मोजले, तर १२ चे ६ होतात. म्हणून कोणती स्थिती गृहीत धरली हेही नोंदवावे लागते. स्नायूंशी असलेल्या संबंधावरून पार्क्स यांनी १९७६ मध्ये चार प्रकार ठरविले; एम.आर.आय.वर आधारलेली पाच श्रेणींची पद्धत इंग्लंडातील सेंट जेम्स विद्यापीठ रुग्णालयातून २००० साली पुढे आली. मात्र नुसता श्रेणीचा आकडा लिहून काम भागत नाही.

नाशिकला या विषयाचे वेगळे अगत्य आहे. १९९८ साली येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आधुनिक वैद्यक व आयुर्वेद अशी दोन्ही महाविद्यालये येतात, आणि भगंदरावर दोन्हीकडे उपचार होतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षारसूत्राने वर्षभरात विकार उलटण्याचे प्रमाण ४ टक्के, तर शस्त्रक्रियेने ११ टक्के आढळले. जखम भरण्यास मात्र चार आठवड्यांऐवजी आठ आठवडे लागले. सूत्र बांधणाऱ्या वैद्यासही नळीचा मार्ग ठाऊक असावाच लागतो. तेव्हा अहवालाची भाषा दोघांना सारखीच कळावी.

सुरगाणा किंवा पेठकडील रुग्णाची तपासणी नाशकात आणि शस्त्रक्रिया मुंबईस, असेही घडू शकते. तेथे दोन डॉक्टरांची गाठ पडत नाही, कागदच बोलतो. चांगल्या अहवालाची सुरुवात पाठविणाऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीपासून होते. पूर्वी किती वेळा व केव्हा शस्त्रक्रिया झाली, नळीत सूत्र आहे काय, क्षयरोग किंवा आतड्याचा जुना विकार आहे काय, हे चिठ्ठीत असावे. गावात असे कागद पुष्कळदा शिक्षकांकडे किंवा पंचायत सदस्यांकडे वाचून घेण्यासाठी येतात. त्यांनी रुग्णास जुन्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे व आधीच्या फिल्म तपासणीच्या दिवशी बरोबर नेण्यास सांगावे.