नकाशावर नदी निळी, प्रत्यक्षात हिरवी: होडी काढण्याआधी फोनवर काय बघाल?

गूगल मॅप्स उघडा आणि निफाड तालुक्यातलं सायखेडा शोधा. एका काठाला सायखेडा, समोर चांदोरी, मधून गोदावरीचा निळा पट्टा आणि त्यावर पूल. स्क्रीनवर बघून वाटतं, कायाक टाकावी आणि सरळ निघावं. पण सायखेड्यात कुणालाही विचारा, तो आधी पाणवेलींचं नाव काढेल. पूर आला की वरून वाहत आलेल्या पाणवेली इथल्या पुलाला अडकतात, त्यांच्यात लाकडं आणि कचरा गुंततो, पाणी तुंबतं आणि यंत्रं लावून तो ढीग काढावा लागतो.

मग नकाशात हे का दिसत नाही? कारण तो निळा पट्टा म्हणजे आधीच साठवून ठेवलेला एक आकार असतो. नदी कुठून जाते एवढंच तो सांगतो. आज तिच्यावर काय तरंगतंय, हे त्याला माहीतच नसतं. सॅटेलाइट व्ह्यू लावला तरी तो फोटो कित्येक महिने, कधी कधी वर्षभरापेक्षाही जुना असू शकतो. ताजी माहिती वेगळ्या ठिकाणी मिळते, तीही फुकट. ती कशी बघायची आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, ते आज समजून घेऊ.

सायखेड्यालाच एवढ्या पाणवेली का?

गोदावरी गंगापूर धरणातून नाशिक शहरातून खाली येते. दारणा नदी दारणासांगवीजवळ तिला मिळते. म्हणजे सायखेड्यापाशी दोन नद्यांचं पाणी एकत्र येतं. पुढे नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्याच्या फुगवट्यामुळे पाणी संथ होतं. संथ पाणी आणि त्यात सांडपाण्यातून आलेलं नायट्रोजन, फॉस्फरस हे पाणवेलींचं आवडतं खाद्य. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि हवामान मानवलं तर साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. त्यामुळे मागच्या महिन्यात मोकळं दिसलेलं पाणी आज मोकळं असेलच असं नाही.

पायरी १: पाच दिवसांचा ताजा फोटो

युरोपियन अंतराळ संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी एकाच जागेचा फोटो काढतात. तो बघायला फोनच्या ब्राउझरमध्ये 'कोपर्निकस ब्राउझर' शोधा. नुसतं बघायला खातं काढावं लागत नाही.

१. नकाशा सरकवून तुमची नदी किंवा धरण शोधा.
२. तारीख निवडा. ढग कमी असलेला सगळ्यात ताजा दिवस घ्या.
३. आधी 'ट्रू कलर' लेयर लावा. डोळ्यांना दिसेल तसा फोटो येईल.
४. मग 'एनडीव्हीआय' लेयर लावा. पाण्याच्या पट्ट्यात हिरवे डाग दिसले, तर तिथे पाणवेली किंवा शेवाळ आहे असं समजा.

एनडीव्हीआयचं गणित सोपं आहे. हिरवी पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश जोरात परत पाठवतात. मोकळं पाणी इन्फ्रारेड जवळपास गिळूनच टाकतं. इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. उत्तर उणे एक ते अधिक एक यांच्या मधे येतं. मोकळ्या पाण्याचं बहुतेक वेळा शून्याच्या खाली, दाट पाणवेलींचं शून्याच्या बरंच वर.

मी नेहमी दोन-तीन तारखांचे फोटो एकामागोमाग बघतो. डाग एकाच जागी असेल तर तो अडकलेला थर आहे. प्रत्येक फोटोत जागा बदलत असेल तर तो वाहतोय, आणि तुमच्या वाटेत कधीही येऊ शकतो.

पायरी २: वरून किती पाणी सोडलंय?

नाशिकमध्ये पुराची चर्चा 'दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं' यावरून चालते. खालच्या गावांसाठी विसर्गाचा आकडाही तितकाच महत्त्वाचा. बातमीतला एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. म्हणजे १०,००० क्युसेक विसर्ग असेल तर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर. सायखेड्यासाठी गंगापूर आणि दारणा, दोन्हीचे आकडे बघावे लागतात.

विसर्ग वाढला की काठाला निवांत पडलेल्या पाणवेली, ओंडके, निर्माल्य, थर्माकोल सगळं सुटून प्रवाहात येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पाऊस पडलेला असू शकतो. केंद्रीय जल आयोगाने २०२३ मध्ये आणलेल्या 'फ्लडवॉच' अ‍ॅपमध्ये नदीवरच्या केंद्रांची पातळी दिसते. त्यात तुमच्या जागेच्या वरच्या बाजूचं केंद्र बघा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' अ‍ॅपवर इशारे येतात. इशारा असेल, विसर्ग वाढत असेल किंवा पाणी गढूळ होऊन चढत असेल, तर होडी काढायचीच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सायखेडा-चांदोरीला पुराचा वेढा पडला होता. नदी शांत दिसते म्हणून तिला हलक्यात घेऊ नका.

फोनला काय दिसत नाही?

• सेंटिनेल-२ च्या फोटोतला एक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा असतो. १०० मीटर रुंद पात्र म्हणजे फक्त दहा चौकोन. एखादा ओंडका, बांबू किंवा मासेमारीचं जाळं त्यात दिसणार नाही.
• हा उपग्रह ढगांपलीकडचं बघू शकत नाही. पावसाळ्यात, जेव्हा सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच फोटो पांढरा येतो.
• फोटो पाच दिवसांचा असेल तर मधल्या काळात थर कुठच्या कुठे गेलेला असू शकतो.

म्हणून फोन फक्त 'आज जाऊ नये' हे ठरवायला वापरा. 'आज धोका नाही' असं प्रमाणपत्र तो देऊ शकत नाही. पाण्यावर गेल्यावर फोन आत ठेवायचा आणि नजर समोर.

पाण्यावर: तरंगणारं वेगळं, अडकलेलं वेगळं

समजा पाण्याच्या तुलनेत होडीचा वेग ताशी १० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २.८ मीटर आहे. प्रवाह सेकंदाला १.५ मीटर आहे आणि तुम्ही प्रवाहाबरोबर चाललाय. समोर २० मीटरवर वाहता ओंडका असेल तर तोही तुमच्यासारखाच प्रवाहाबरोबर चाललाय, त्यामुळे हातात सुमारे ७ सेकंद मिळतात. पण तोच ओंडका पुलाला अडकलेला असेल, तर दोन्ही वेगांची बेरीज होते आणि उरतात ५ पेक्षाही कमी सेकंद. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अडथळ्यावर दाबून धरणारा जोर चौपट होतो. म्हणून पूल, खांब आणि पडलेली झाडं यांच्या वरच्या बाजूला रेंगाळू नका.

• होडी अडथळ्यावर आडवी दाबली गेली तर अडथळ्याच्या बाजूला झुका. घाबरून उलट्या बाजूला झुकलात तर पाणी आत शिरून होडी उलटते.
• इंजिनच्या पंख्यात वेल अडकली तर आधी इंजिन पूर्ण बंद करा, ते वर उचला, मगच हात घाला. थंड पाणी ओढणारं तोंडही तपासा. ते तुंबलं तर इंजिन तापतं. वल्हं नेहमी बरोबर ठेवा.
• पाणवेलींच्या थरावर कधीही उतरू नका. वरून लॉन दिसतं, पण खाली लोंबत्या मुळांचं जाळं असतं आणि त्याखाली गेलेल्याला वर यायला वाट सापडत नाही.
• पाण्यात पडलात तर पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा आणि काठाकडे सरका. थरावर आदळणं टळतच नसेल, तर पोटावर वळून जोरात पोहत त्याच्या वर चढा, खाली ओढले जाऊ नका.

लाईफ जॅकेट होडीत ठेवण्यासाठी नसतं. बक्कल लावूनच निघायचं. आणि नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय होडी नाही.

निघण्याआधी फोनची तयारी

ओल्या बोटाने टचस्क्रीन नीट चालत नाही, कारण स्क्रीन बोटामुळे होणारा विद्युत बदल ओळखते आणि पाण्याचे थेंबही तसाच बदल करतात. म्हणून सेटिंग्जमधलं आणीबाणी एसओएस आधीच चालू करा. बऱ्याच फोनमध्ये पॉवर बटण पटापट पाच वेळा दाबलं की ११२ ला फोन लावता येतो. तुमच्या फोनची पद्धत घरीच बघून घ्या. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण नकाशाला लागतं. त्यामुळे त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घाला आणि पाऊच लाईफ जॅकेटला बांधा. होडी उलटली तर होडीतला फोन काही कामाचा नाही.

शेवटचं काम सगळ्यात सोपं. कुठून निघणार, कुठे उतरणार आणि किती वाजता परत येणार, हे काठावरच्या एका माणसाला मेसेज करा. आणि तिथल्या मासेमारी करणाऱ्या काकांना विचारा, "आज पाणवेली कुठे आहेत?" त्यांचं उत्तर कुठल्याही उपग्रहापेक्षा ताजं असतं.