परक्या देशात गाडी चालविण्याचा परवाना



बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातले वडनेर भोलजी हे गाव हमरस्त्यावर वसलेले आहे. धुळ्याहून जळगाव, मलकापूर, नांदुरा, खामगाव, अकोला करीत नागपूरकडे जाणारा हा रस्ता. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत, आता त्याचा क्रमांक ५३ आहे. रात्रंदिवस ट्रका धावताहेत, अशा गावच्या पोराला गाडीचे वेड लागले तर नवल ते काय! आधी ते ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसते, मग बापाची नजर चुकवून स्टिअरिंगला हात लावते आणि अठरा वर्षांचे झाले की परवाना काढायला निघते. अशांपैकीच एखादा पुढे चालकाच्या नोकरीवर आखाती मुलखात जातो. एखादी मुलगी उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जाते. कोणी नोकरीनिमित्त अमेरिकेत बिऱ्हाड करतो. आणि मग गावाकडे फोन येतो, "आपल्या एम.एच. २८ च्या परवान्यावर इथे गाडी चालवता येते का हो?"

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. काही दिवस येते, पुढे येत नाही. आणि ते 'काही दिवस' देशोदेशी निराळे आहेत. असे का, आणि आपण काय करावे, याचा विचार आज करू या.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की पाहुणा निराळा आणि रहिवासी निराळा. आपल्या गावी कोणाचा मेहुणा चार दिवस राहून गेला, तर ग्रामपंचायत त्याच्याकडे घरपट्टी मागत नाही. पण त्याने गावात घर घेतले, चूल मांडली, की त्याचे नाव वहीत चढते. परवान्याचेही तसेच आहे. फिरावयास आलेल्या माणसाचा परवाना बहुतेक देश काही काळ मानतात. तोच माणूस तेथे राहू लागला, की 'आता आमच्या रस्त्याची परीक्षा द्या' असे सांगतात.

या पाहुण्यासाठी जगातल्या राष्ट्रांनी एक सोय करून ठेवली आहे. १९०९ साली पॅरिसला मोटारींच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीविषयी पहिला करार झाला. पुढे १९२६ साली पॅरिसलाच, १९४९ साली जिनिव्हाला आणि १९६८ साली व्हिएन्नाला करार झाले. त्यांतून निघाला तो आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना. नाव मोठे भारदस्त आहे, पण त्याने फसून जाऊ नका. हा काही स्वतंत्र परवाना नव्हे. आपल्या मूळ परवान्याचे ते निरनिराळ्या भाषांतले अधिकृत भाषांतर आहे, इतकेच. मूळ परवाना खिशात नसेल तर त्याची किंमत शून्य. आपल्याकडे तो आर.टी.ओ. कार्यालयातून मिळतो. चालू परवाना आणि पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. परदेशात असताना ती मुदत संपली, तर तेथील भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करण्याची सोय २०२१ सालापासून झाली आहे. मात्र नवा कागद हाती आला म्हणून पाहुण्याची मुदत वाढत नसते. ती त्या त्या देशाच्या कायद्याने ठरते.

हाच नियम उलट दिशेनेही लागू आहे बरे का! लोणारचे सरोवर पाहण्यासाठी एखादा फ्रेंच प्रवासी स्वतः गाडी चालवीत आपल्या जिल्ह्यात आला, तर त्याच्याजवळही असा कागद हवा. आपल्यावर काही वेगळा अन्याय होतो अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही.

आता एकेक देश घेऊ. ब्रिटनमध्ये राहावयास गेलेल्या भारतीयाला आपल्या परवान्यावर बारा महिने मोटारकार किंवा मोटारसायकल चालवता येते. ट्रक किंवा बस यांना ही सवलत नाही. बारा महिने संपले की तेथील शिकाऊ परवाना काढावा लागतो आणि परीक्षा द्यावी लागते. काही देशांचे परवाने ब्रिटन परीक्षेशिवाय बदलून देते, पण त्या यादीत भारत नाही. जर्मनी सहा महिन्यांची मुभा देते, नंतर लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा घेते. अमेरिकेत तर साऱ्या देशाचा मिळून एक परवानाच नाही. प्रत्येक राज्याचे खाते वेगळे. न्यूयॉर्क राज्यात रहिवासी झाल्यापासून तीस दिवसांत, तर कॅलिफोर्नियात दहा दिवसांत तेथला परवाना काढावा, असा नियम आहे.

आपल्याकडची माणसे आखाती देशांत अधिक जातात, म्हणून संयुक्त अरब अमिरातीविषयी थोडे सविस्तर सांगतो. दुबई आणि अबुधाबी यातच येतात. फिरावयास गेलेला भारतीय आंतरराष्ट्रीय परवाना दाखवून तेथे भाड्याची मोटार चालवू शकतो. पण राहण्याचा व्हिसा मिळाला, की भारतीय परवाना चालत नाही. आधी डोळ्यांची तपासणी, मग अधिकृत शाळेत नाव घालणे, नियमांची परीक्षा, आवारात गाडी उभी करून दाखविण्याची परीक्षा आणि शेवटी रस्त्यावरची परीक्षा, अशा पायऱ्या आहेत. दुबईत नियमांची परीक्षा हिंदी-उर्दूतही देता येते, ही आपल्या माणसांना मोठी सोय आहे. शिवाय मायदेशी परवाना घेऊन जितकी अधिक वर्षे झाली असतील, त्या मानाने शिकवणीचे तास कमी होतात. तास कमी म्हणजे खर्चही कमी. म्हणून आपला जुना परवाना जपून ठेवावा. त्यावरची तारीख तेथे कामाला येते.

कोणी म्हणेल, "मी दहा वर्षे मलकापूर ते नागपूर ट्रक हाकली. मला गाडी शिकवणारे हे कोण?" प्रश्न रास्त आहे. पण परीक्षा ही हाताच्या सफाईपुरती नसते. याची एक गंमत सांगतो. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने १९०४ पासून परवाना सक्तीचा झाला, पण परीक्षा मुळीच नव्हती. पाच शिलिंग भरा, परवाना घ्या, असा कारभार होता. अपघातांत माणसे मरू लागली, ओरड झाली, आणि १ जून १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. रस्त्यावर गाडी चालवणारा एकटाच नसतो, पायी चालणारे पोर आणि सायकलवरचा म्हाताराही असतो, ही गोष्ट कायद्याला उमगायला तीस वर्षे लागली. आपल्याकडे १९१४, १९३९ आणि १९८८ असे तीन मोटार वाहन कायदे झाले. सध्याचा १९८८ चा कायदाही मुळात हेच सांगतो.

आता आपल्या आणि त्यांच्या परीक्षेत फरक किती ते पाहा. आपल्याकडे शिकाऊ परवान्यासाठी शेकडा ६० उत्तरे बरोबर आली की पुरते. ब्रिटनमध्ये ५० प्रश्नांपैकी ४३ बरोबर यावे लागतात, म्हणजे शेकडा ८६. तेवढ्याने भागत नाही. रस्त्याच्या लहान लहान चित्रफिती दाखवतात आणि धोका उत्पन्न होताना दिसताच बटण दाबावयाचे असते. उभ्या बसच्या पलीकडून लेकराचे पाय दिसले, तर ते बाहेर येण्याआधीच तुमच्या मनात घंटा वाजली पाहिजे. यात ७५ पैकी ४४ गुण हवेत. हे सारे इंग्रजीत, वेल्समध्ये फार तर वेल्श भाषेत. दुभाषा चालत नाही. मग रस्त्यावरची परीक्षा. तीत पंधरापर्यंत किरकोळ चुका माफ असतात, गंभीर चूक एक झाली तरी नापास. झेब्रा पट्ट्यांवर माणूस असताना गाडी पुढे दामटणे आपल्याकडे कोणाच्या लेखी चूकच नाही. तेथे तेवढ्यावर परत पाठवतात. हॉर्न वाजवून वाट काढण्याची सवयही इथेच सोडून जावी हे बरे.

दुसरी अडचण बाजूची. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, मॉरिशस येथेही डावीच बाजू. अमेरिका, जर्मनी आणि सारे आखाती देश उजव्या बाजूचे. तेथे स्टिअरिंग मोटारीत डावीकडे असते आणि गिअर उजव्या हाताला येतो. हे एक वेळ दोन दिवसांत जमते, पण मनाची सवय लवकर मोडत नाही. मोकळ्या रस्त्यावर पहाटेच्या वेळी, पेट्रोल भरून बाहेर पडताना, माणूस नकळत आपल्या जुन्या बाजूला वळतो. स्वीडन देशाने ३ सप्टेंबर १९६७ रोजी सारी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. पहाटे वाहने थांबवली आणि पाच वाजता सगळ्यांनी बाजू बदलली. त्यासाठी त्या सरकारने आधी केवढी तरी तयारी आणि प्रचार केला होता. एका देशाला जे इतक्या खटाटोपाने साधले, ते आपल्या पोराने विमानातून उतरल्याबरोबर एकट्याने साधावे असे कसे म्हणता येईल? शिकवणीचे तास असतात ते याचकरिता.

आणि समजा, परवाना न काढताच गाडी चालवली तर? दंड होईल, इतकेच लोक समजतात. खरा धोका विम्याचा आहे. परवाना वैध नसेल तर विमा कंपनी हात वर करते, किंवा भरलेले पैसे चालकाकडून वसूल करते. अमिरातीत अपघातात माणूस दगावला, तर त्याच्या वारसांना 'दिया' म्हणजे रक्तमोल द्यावे लागते. त्याची रक्कम २ लाख दिरहम आहे. वैध परवाना आणि विमा असला तर हा भार सामान्यतः विमा उचलतो. नसला, तर तो चालकाच्या डोक्यावर येतो, आणि चालकाच्या डोक्यावर म्हणजे गावाकडच्या पाच एकरांवर. मालक म्हणाला, "जा रे जरा गाडी घेऊन, जवळच तर जायचे आहे," तरी परवान्यावाचून जाऊ नये. मालकाची भीड पडते खरी, पण अपघात झाला की मालक बाजूला राहतो आणि पोलिसांच्या कागदावर नाव चालकाचे येते.

तेव्हा जाण्याची तयारी कोठून करावी? ती गावातूनच. परवाना दलालाकरवी काढू नका. शिकाऊ परवाना मिळाल्यावर निदान तीस दिवस जाऊ द्यावे लागतात आणि सहा महिन्यांत पक्क्या परवान्याची परीक्षा द्यावयाची असते. हे तीस दिवस कायद्याने शिकण्यासाठी दिले आहेत. २०२१ पासून आधार क्रमांकावर घरबसल्या शिकाऊ परवान्याची परीक्षा देता येते. घरी दुसऱ्या कोणी बटणे दाबून दिली, तर आज पाचशे-हजार वाचल्यासारखे वाटेल, पण परक्या देशात तो 'दुसरा' सोबत येणार नाही. तेथे प्रत्येक नापास फेरीला पुन्हा फी पडते.

जाण्यापूर्वी परवान्याची मुदतही पाहावी. तिशीच्या आत काढलेला साधा परवाना सध्या वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो. व्यापारी वाहनाचा पाच वर्षे. मुदत संपून एक वर्ष उलटले, तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. परदेशात गेलेला माणूस हे हमखास विसरतो.

शेवटी शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. परदेशी कचेरीत परवाना, पासपोर्ट आणि दाखले शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवतात. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात, परवान्यावर शेवटी. वडनेर हे नावच इंग्रजीत कोणी 'व्ही'ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू'ने. कारकुनाच्या लहरीने 'ए' एक पडला की दोन पडले, एवढ्यावरून अर्ज अडतात. पोर पहिलीत येते त्याच दिवशी त्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख यांचे लेखन जन्मदाखल्याबरहुकूम करा, इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवा आणि पालकांना ते लिहून द्या. पुढे वीस वर्षांनी त्याचे हेलपाटे वाचतील. आणि वर्गात वाहतुकीची चिन्हे शिकवा. तांबड्या कडेचा त्रिकोण धोका सांगतो, तांबड्या कडेचे वर्तुळ मनाई करते, आठ कोनांची तांबडी पाटी 'थांबा' म्हणते. त्रिकोण, वर्तुळ आणि अष्टकोन भूमितीत शिकवतोच, त्यांना रस्ता जोडून द्या. देशोदेशी थोडाफार फरक असला तरी ही खुणांची भाषा बहुतेक ठिकाणी वाचता येते.

आणि हे सारे परदेशी जाणाऱ्यांपुरतेच आहे असे समजू नका. ज्याला आपल्या गावच्या चौफुलीवर शाळेच्या पोरांसाठी गाडी थांबविण्याची सवय लागली, त्याला तिकडच्या परीक्षेचे भय उरत नाही. आणि तो परदेशी गेलाच नाही, तरी त्या सवयीने आपल्या हमरस्त्यावर कोणाचा तरी जीव वाचेल.