गाळ बसला का?

मामांनी टाकीतलं तपकिरी पाणी एक लिटरच्या काचेच्या नळ्यात भरलं, नळा कट्ट्यावर ठेवला आणि मोबाइलमध्ये अर्ध्या तासाचा गजर लावला. बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या मागच्या अंगाचा हा सांडपाणी प्रकल्प. इथे सगळे त्याला ईटीपीच म्हणतात.

साखर कारखान्याचं सांडपाणी गोड असतं, हीच त्याची खोड. साखर खाणारे जिवाणू हवा मिळाली की झपाट्याने वाढतात, म्हणून टाकीत ब्लोअर अखंड घरघरत असतो. गाळप संपलं की मात्र त्यांची उपासमार होते. दर हंगामाआधी विरजण लावावं तसं शेण कालवून त्यांना नव्याने रुजवायचं. वर युरिया आणि डीएपी द्यायचं, कारण नुसत्या साखरेवर जीव वाढत नाही.

इथली पद्धत वाहती. एका टोकाने पाणी येतं, एका टाकीत हवा खातं, पुढच्या टाकीत निवळतं. वरचं पाणी बाहेर, तळचा गाळ पुन्हा मागे. बॅच पद्धतीत हे सगळं एकाच टाकीत होतं: भरा, हवा द्या, ब्लोअर बंद करून निवळू द्या, वरचं पाणी अलगद काढा. म्हणजे वाहत्या पद्धतीत पाणी जागा बदलतं, बॅचमध्ये टाकी काम बदलते. कारखान्याला दोन्ही तऱ्हा जुन्याच आहेत. रस वाहता वाहता निवळतो, दाणा मात्र पॅनमध्ये एकेका घाण्यानेच धरतो. गुऱ्हाळातली काहील तर निव्वळ बॅच.

जिवाणूंच्या गाळाने पाणी शुद्ध करायची ही रीत मुळात बॅचमध्येच सापडली. 1914 साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडली. पहिल्या खेपेला काही आठवडे लागले. मग त्यांनी तळचा गाळ फेकला नाही. त्यावरच नवं पाणी ओतत गेले आणि तेच काम काही तासांत होऊ लागलं. पण टाक्या मोठ्या झाल्या, हाताने व्हॉल्व्ह फिरवून माणसं दमली आणि जग वाहत्या पद्धतीकडे वळलं. 1970 नंतर स्वयंचलित व्हॉल्व्ह आणि टायमर हाताशी आले, तेव्हा बॅच परतली. नवी मुंबईच्या मैलापाणी केंद्रांत आज तिचीच सुधारित आवृत्ती चालते.

गजर वाजला. तीनशेच्या आसपास बसायला हवा तो गाळ आठशेच्या खुणेवर कापसासारखा तरंगत होता. "फुगलाय," मामा म्हणाले. "रात्री मळी सांडली असंल कुठंतरी."

गोड पाण्याचा हा ठरलेला आजार. धाग्यासारखे लांबट जिवाणू माजतात, गाळ तळाला जात नाही आणि निवळ पाण्याबरोबर बाहेर पडतो. जमिनीवर सोडायच्या पाण्यात बीओडी, म्हणजे त्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत हवा. असा गाळ निसटला की तो आकडा हुकतो. बॅचमध्ये जिवाणूंना आधी भरपेट आणि मग उपाशी ठेवता येतं. धागेवाल्यांना हा जाच सोसत नाही, गुठळी धरणारे टिकतात. शिवाय गाळ बसला नाही तर पाणी थोडा वेळ अडवताही येतं. अट एवढीच, की एक टाकी निवळत असताना येणारं पाणी घ्यायला दुसरी टाकी हवी. पैसा वाचवायला नेमकी तीच वगळतात.

वर्षातले चार-पाच महिने चालणाऱ्या आणि रोज लहर बदलणाऱ्या गोड पाण्याला माझ्या मते बॅचच बरी. पण टाक्या दोन असतील तरच.